अयुबविरुद्ध कंदील

लखनौचे मुस्लिम लीग नेते चौधरी खलिकुझ्झमान फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. 1958 मध्ये तिथे जनरल अयुब खान यांनी सत्ता बळकावली. 1962 मध्ये मार्शल लॉ उठला, तरी सत्ता त्यांच्याच हाती राहिली. त्यांच्यासाठी उभ्या केलेल्या कन्व्हेन्शन मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष झाले खलिकुझ्झमान! लखनौच्या मुरलेल्या राजकारण्याने लष्करशहाला पक्ष मिळवून दिला.

अयुब यांच्याविरुद्ध 1964 मध्ये विरोधकांनी मोट बांधली. कौन्सिल मुस्लिम लीग, अवामी लीग, डावी नॅशनल अवामी पार्टी, जमाते इस्लामी. एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे हे पक्ष. अध्यक्षपदाच्या उमेदवार ठरल्या जिनांच्या भगिनी फातिमा जिना, एकेकाळी मुंबईत दाताचा दवाखाना चालवणाऱ्या. चिन्ह कंदील. स्त्रीने राष्ट्रप्रमुख होऊ नये असे मानणारे, औरंगाबादेत जन्मलेले जमातेचे मौलाना मौदुदीही त्यांच्या पाठीशी आले. तत्त्वापेक्षा गरज मोठी ठरली, दुसरे काय?

खरी मेख मतदानात होती. सामान्य नागरिकाला अध्यक्षपदासाठी मतच नव्हते. मत देणार होते 80,000 स्थानिक प्रतिनिधी. त्यांना दमात घेणे किंवा आमिष दाखवणे सरकारला सोपे होते. 2 जानेवारी 1965 रोजी अयुब जिंकले. कराची आणि ढाक्यात मात्र फातिमा पुढे होत्या.