कळीच्या बेचक्यातला कापूस

आषाढ सरत आला की यवतमाळच्या कितीतरी घरांच्या ओट्यावर, जिन्याखाली, पोर्चमध्ये ठेवलेल्या ब्रह्मकमळाच्या पानांच्या कडेला एक लालसर टोक फुटतं. पहिल्या दिवशी ते नजरेतून सुटतंच. चार दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं आणि घरभर बातमी होते, की कळी धरली! मग शेजारच्या काकूंना सांगणं होतं, रात्र मोजणं होतं, आणि फूल उमलतं त्या रात्री हळदकुंकवाचं ताट आणि मोबाइलचे कॅमेरे एकाच वेळी बाहेर येतात.

पण जरा थांबून त्या कळीच्या जागेकडे पाहा. पानाच्या कडेला कधी फूल येतं का? जास्वंदीच्या, गुलाबाच्या पानाला कधी आलेलं पाहिलंय? इथे येतं, कारण ज्याला आपण पान म्हणतो ते पान नाहीच. ते चपटं झालेलं खोड आहे. हे झाड निवडुंगाच्या कुळातलं, शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्झिपेटॅलम. या कुळातल्या बहुतेक झाडांनी खरी पानं केव्हाच सोडून दिली आणि पानाचं काम हिरव्या खोडावर सोपवलं. खोडाच्या कडेला ज्या खाचा दिसतात, तिथे वाळवंटातल्या निवडुंगाला काटे येतात. आपल्या कुंडीतल्या या झाडाच्या वाढलेल्या खोडावर काटे नसतात, पण खाच तीच आहे आणि तिथूनच कळी निघते. उत्तराखंडाचं राज्यफूल असलेलं हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, अगदी वेगळं झाड आहे. आपल्या ओट्यावरचं मूळचं मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या दमट जंगलांतलं.

तिथे ते जमिनीवर वाढतच नाही. मोठ्या झाडाच्या फांदीच्या बेचक्यात साचलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवून ते लोंबत राहतं. ही एक गोष्ट कळली की त्याच्या संगोपनाची अर्धी कोडी सुटतात. आपल्या जिल्ह्यातली काळी कसदार माती पऱ्हाटीला आईसारखी असली तरी या झाडाला ती मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते, पाणी धरून ठेवते, आणि फांदीवरच्या मोकळ्या हवेची सवय असलेली मुळं गुदमरून कुजतात. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, थोडं शेणखत, जाड रेती आणि विटांचे बारीक तुकडे, असं भुसभुशीत मिश्रण आणि खाली मोठं भोक असलेली कुंडी त्याला पुरते. कुंडी थोडी लहानच बरी.

त्याचं श्वास घेणंही आपल्या नेहमीच्या झाडांसारखं नाही. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी पाणीही गमावतात. निवडुंगाची रंध्रं रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू ते मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं बंद करून त्यातूनच साखर बनवतात. या गोष्टीचा एक पहिला सुगावा भारतातच लागला होता, तोही जिभेला. मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या निसर्ग-अभ्यासकाने पानफुटीचं पान सकाळी चाखलं तेव्हा ते आंबट लागलं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट. त्याचं हे निरीक्षण 1815 साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसभरात खर्च होतं, हे त्यामागचं कारण नीट उलगडायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला. ज्या पानफुटीची पानं आपण शाळेत वहीत ठेवून तिला कोंब फुटायची वाट पाहत होतो, तिच्यात हे सारं चाललेलं होतं.

आता कळीकडे येऊ. दाण्याएवढ्या टोकापासून उमललेल्या फुलापर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात. आधी कळी सरळ खाली लोंबते. मग तिचा देठ, म्हणजे खरं तर फुलाची लांब नळी, हळूहळू बाक घेते आणि तोंड वर उचलते. हा बाक पुरता वळला आणि कळीचं पोट फुगलं, की एक-दोन रात्रींत फूल उमलणार हे समजावं. रात्री आठ-नऊच्या सुमारास पाकळ्या सुटू लागतात, मध्यरात्रीपर्यंत फूल पूर्ण उघडतं आणि उजाडताना मान टाकतं. एवढा लांब पांढरा पेला आणि एवढा सुगंध कशासाठी? मूळ प्रदेशात रात्री उडणाऱ्या, लांब सोंडेच्या पतंगांना बोलावण्यासाठी. अंधारात पांढरा रंग दिसतो आणि वास दूरवर जातो.

या तीन-चार आठवड्यांत झाड फार हळवं असतं. कळ्या दिसल्या की कौतुकाने कुंडी उचलून दिवाणखान्यात आणायचा मोह होतो आणि तिसऱ्या दिवशी कळ्या पिवळ्या पडून गळतात. उजेडाची दिशा, हवेतला ओलावा किंवा तापमान एकदम बदललं, की झाड आधी कळ्यांचा खर्च कमी करतं. म्हणून कळी धरल्यावर कुंडी हलवू नये, फिरवू नये, बदलू नये. पावसाने उघडीप दिली तर वरची माती सुकल्यावर पाणी द्यावं. तळातल्या थाळीत मात्र ते साचू देऊ नये. सकाळचं कोवळं ऊन चालतं. वैशाखात पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा मात्र झाड ग्रीन नेटखाली किंवा मोठ्या झाडाच्या सावलीतच हवं.

रोपवाटिकांत हल्ली हिवाळ्यात मिळणारा ख्रिसमस कॅक्टस हा याचाच नातलग. तो ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या डोंगरांतला. त्याला कळ्या येण्यासाठी सलग लांब, अंधाऱ्या आणि गार रात्री लागतात. आपल्याकडे दिवाळीनंतर रात्री लांबतात, गारठाही पडतो, म्हणजे हवामान अनुकूलच. आड येतो तो पोर्चमधला रात्रभर जळणारा दिवा. त्या उजेडाने झाडाची रात्र तुटते आणि कळ्या येतच नाहीत. कुंडी काही आठवडे दिव्यापासून दूर ठेवली, की डिसेंबर-जानेवारीत टोकाटोकाला गुलाबी कळ्या लागतात.

आणि नेमक्या याच दिवसांत, कळीच्या देठाशी, खाचेत, कापसाचा बारीक पुंजका चिकटल्यासारखं काहीतरी दिसतं. यवतमाळात कुणालाही वाटावं, वाऱ्याने उडून आला असेल. तो पिठ्या ढेकूण असतो. मिलीबग. साधं भिंग धरून पाहा. पांढऱ्या मेणाची पूड अंगभर माखलेला, कडेने मेणाचे धागे सुटलेला, लंबगोल, मऊ किडा दिसेल. ही मादी. तिला पंख कधीच येत नाहीत. दोऱ्यासारखी सोंड खोडात रोवून ती रस ओढत राहते. नर मात्र इतका वेगळा की दोघं एकाच जातीचे आहेत यावर विश्वास बसत नाही. तो चिमुकल्या माशीसारखा, दोन पंखांचा, आणि त्याला खायला तोंडच नसतं. जोडीदार शोधायला मिळालेले एक-दोन दिवस जगतो आणि मरतो.

झाडाच्या रसात साखर भरपूर पण प्रथिनं बनवायला लागणारी अमिनो आम्लं फारच थोडी. मग हा किडा पोसतो कशावर? उत्तर त्याच्या पेशींत आहे. संत्र्या-मोसंबीवर आणि जगभर घरातल्या कुंड्यांत आढळणाऱ्या पिठ्या ढेकणाच्या पेशींत एक जिवाणू राहतो आणि त्या जिवाणूच्या पोटात दुसरा जिवाणू. 2001 साली 'नेचर'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. किडा, बाहेरचा जिवाणू आणि आतला जिवाणू, तिघं मिळून अमिनो आम्लं तयार करतात. एकट्याला ते जमत नाही. आपण बोटाने सहज चिरडतो त्या ठिपक्यात एकात एक राहणाऱ्या तीन जीवांचा संसार चाललेला असतो.

जास्तीची साखर किडा बाहेर टाकतो. तोच चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्यांची रांग लागते. कळ्यांवर मुंग्या दिसल्या म्हणजे कीड लागलीच असं मात्र नाही, कारण या झाडाच्या कळ्या स्वतःही गोड थेंब पाझरतात. पण मुंग्या खाचांत, खोडाच्या मागच्या बाजूला घुटमळत असतील तर तिथे नीट पाहावं. चिकट्याच्या बदल्यात मुंग्या या किड्यांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात.

कपाशीवर येणारा पिठ्या ढेकूण, फेनाकोकस सोलेनोप्सिस, याच बिरादरीतला. 1898 साली अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतून त्याचं पहिलं वर्णन झालं, तेही मुंग्यांच्या घरट्यात सापडलेल्या नमुन्यांवरून. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो भारतातल्या पऱ्हाटीवर उतरला आणि गुजरात, पंजाब, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांची झोप उडाली. धुऱ्यावरचं गाजरगवत, परसातली जास्वंद, शेतातली पऱ्हाटी, त्याला सगळं चालतं. म्हणजे शेत आणि अंगण या आपल्या मनातल्या दोन जागा. किडीच्या लेखी ते एकच रान.

मग त्याच्या मागोमाग एक पाहुणी आली. जेमतेम दोन मिलिमीटरची काळी गांधीलमाशी. ती पिठ्या ढेकणाच्या अंगात एक अंडं घालते. आतली अळी त्याला आतून खाते, किडा फुगून तपकिरी, कडक होतो आणि मग एक दिवस त्याला भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. अलीगढचे कीटकशास्त्रज्ञ मोहम्मद हयात यांनी 2009 साली तिचं वर्णन करताना एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय केंद्राचे संचालक डॉ. ओ. एम. बंबावाले यांचं नाव तिला दिलं, एनेशियस बंबावालेई. पुढे ती आधीच वर्णन झालेल्या एनेशियस ॲरिझोनेन्सिस या जातीचीच असल्याचं ठरलं. तिला कुणी मुद्दाम आणून सोडलं नव्हतं. आपली आपण आली, पसरली, आणि कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाचा जोर ओसरण्यात तिचा मोठा वाटा राहिला.

हे मी एवढ्या तपशिलाने सांगतोय त्याला कारण आहे. 2017 च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास माणसं दगावली. ज्या जिल्ह्याने हे पाहिलंय, तिथे शेतातून उरलेलं औषध बुचभर पाण्यात टाकून कुंडीवर मारणं कुणाच्याही मनात येऊ नये. उघड्या रानात जे माणसाच्या जिवावर उठलं, ते बंद पोर्चमध्ये, खेळत्या लेकरांच्या उंचीवर मारायचं? आणि त्या फवाऱ्यात पहिली मरते ती गांधीलमाशी. मेणाखालची अंडी वाचतात आणि पंधरा दिवसांत कीड दुपटीने परतते.

कुंडीतल्या किडीला एवढं पुरतं: कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक खाच पुसून काढा. स्पिरिटने मेण विरघळतं आणि किडा वाळून जातो. आधी एका फांदीवर करून पाहा, दुसऱ्या दिवशी डाग पडला नसेल तरच पुढे जा. कीड जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून ऊन उतरल्यावर फवारा. धुण्याची पावडर नको. अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा. कळ्यांवर मात्र तेल पडू देऊ नका, तिथे बोळाच बरा. नवं रोप आणलं की ते पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा. सगळं करूनही झाड मरगळलेलं राहिलं तर कुंडीतून काढून मुळं पाहा. पिठ्या ढेकणाच्या काही जाती मुळांवरच बसतात.

आणखी एक ओळख करून घ्या. 1898 साली भारतात ऑस्ट्रेलियातून आणलेला क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा पिठ्या ढेकणावर जगतो. त्याची अळीही पांढऱ्या मेणाने माखलेली असते, पण भक्ष्याहून मोठी आणि चांगली चपळ. कीड समजून तिलाच चिरडलं जातं.

म्हणून औषधाच्या बाटलीआधी भिंग हातात घ्या आणि एकेक खाच तपासा. पांढरं, सुस्त बसलेलं दिसेल ते पुसा. तपकिरी, कडक झालेलं दिसेल ते तिथेच राहू द्या. आणि पांढरं असूनही झरझर धावेल, त्याला वाट द्या.