घर, शाळा आणि मधले मूल

आपल्याकडे शाळा आणि घर यांच्यात मोकळे बोलणे असे फारसे कधी नव्हतेच. होता तो पत्रव्यवहार, आणि तोही प्रगतिपुस्तकापुरता. वर्षातून तीन-चार वेळा ते घरी येई, वडील गुणांखालच्या लाल रेघा मोजत, सही ठोकत आणि पुस्तक परत जाई. ‘पालकांना भेटीस पाठवावे’ असा शेरा वहीत आला, की घरात कोर्टाचे समन्स आल्यासारखी शांतता पसरे. पालकसभेतही दोन मोठी माणसे एका लहान माणसाविषयी बोलत. ते लहान माणूस मात्र बाहेर व्हरांड्यात उभे असे, आत आपले काय चालले असेल याचा अंदाज घेत.

कायद्याची अपेक्षा याहून मोठी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असेही हा कायदा सांगतो. पुढे महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आम्ही शिक्षक वर्णनात्मक नोंदी लिहू लागलो. ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’, ‘उदाहरणातील पायऱ्या गाळतो’ अशा त्या नोंदी. त्यांतल्या कितीतरी खरोखर मोलाच्या असतात. पण बहुधा त्या नोंदवहीत बसतात आणि नोंदवही कपाटात. ज्याच्याविषयी लिहिले त्याला आणि ज्यांनी वाचावे त्यांना त्यांचा पत्ता नसतो.

मग मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि वर्ग घरात शिरला. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेची अभ्यासमाला रोज मोबाइलवर येऊ लागली, दीक्षा ॲपवरचे धडे उघडू लागले, वर्गावर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले. जिथे फोन नव्हता तिथे मुले मागे पडली, हे त्या काळाचे कडू सत्य. पण जिथे तो होता तिथे एक नवलही घडले. आपले मूल वर्गात कसे बोलते, कुठे अडते, बाई त्याला कशी समजावतात, हे आईबापांनी पहिल्यांदा पाहिले. काही आयांनी तर विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करावे तशी उत्तरेही पुरवली! हसण्याचा भाग सोडा. शाळेची एक भिंत त्या दिवसांत पारदर्शक झाली होती.

शाळा पुन्हा भरल्या, ग्रुप मात्र राहिले, आणि हळूहळू त्यांची सूचनाफळी झाली. उद्या गणवेश घाला, फी भरा, अमुक कागद आणा. मधूनमधून सुप्रभातची फुले आणि एखाद्या पालकाची सर्वांदेखत तक्रार. साधन नवे, पण वृत्ती जुन्या प्रगतिपुस्तकाचीच. मूल आजही व्हरांड्यातच उभे.

मी माध्यमिक शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. या साधनाचा उपयोग मूल मध्ये आले तरच होतो, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. आमच्या वर्गात एक साधी रीत आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येक मूल आपल्या वहीच्या एका पानाचा फोटो घेते आणि त्यासोबत अर्ध्या मिनिटाचे बोलणे ध्वनिमुद्रित करते : मी काय केले, कसे केले आणि कुठे अडले. ते पान आणि तो आवाज मी फक्त त्याच्याच घरी पाठवते. खाली माझी दोन वाक्ये. घरच्यांनी एवढेच करायचे, की ऐकायचे आणि मुलाला एक प्रश्न विचारायचा. गुण नाहीत, तुलना नाही.

पाचवीतल्या एका मुलाने अर्धा आणि पाव यांची बेरीज दोन छेद सहा अशी केली होती. ‘वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले’ असे त्याने आत्मविश्वासाने सांगितलेही होते. नुसती वही तपासली असती तर तिथे लाल फुली पडली असती आणि गोष्ट संपली असती. पण ते पान घरी गेले. वडील सुतारकाम करतात. रात्री त्यांचा आवाज आला, मुलासाठी : ‘लेका, अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाव इंच म्हणजे दोन सूत. मिळून झाले सहा सूत. तुझ्या उत्तराने फळी कापली तर ती अर्ध्या इंचालासुद्धा पुरायची नाही.’

मी फळ्यावर छेद समान करायला शिकवते, तेच त्यांनी टेपवर करून दाखवले होते. इंचाचे आठ सूत. म्हणजे छेद आठ. शिवाय दोन छेद सहा म्हणजे एक तृतीयांश, आणि तो तर अर्ध्याहूनही कमी! हा ताळा कोणत्याही नियमापेक्षा मुलाला लवकर पटला. ‘हे वर्गात ऐकवू का?’ असे मी विचारले. ‘बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालंय,’ असे ते संकोचाने म्हणाले. मग मुलालाही विचारा, म्हणाले. मुलगा लगेच तयार झाला. दुसऱ्या दिवशी सारा वर्ग पट्ट्या घेऊन सुतांत बेरजा करत होता. पालकसभेला मागच्या बाकावर बसून न बोलता जाणारा हा गृहस्थ त्या दिवशी आमच्या वर्गाचा शिक्षक झाला होता.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, ही त्यांची आणि अनुताई वाघांची भूमिका होती. अंगणवाडी हा शब्द तिथूनच आपल्या ओळखीचा झाला. अंगणात भरणाऱ्या वर्गाचा एक फायदा असा, की येता-जाता आईला मूल काय शिकते ते दिसते. ऑनलाइन वर्गाकडे मी तसेच पाहते. ते हल्लीचे अंगण आहे.

साधनांची तर वाण नाही. २०१४ मध्ये आलेल्या गूगल क्लासरूममध्ये, शाळेने ठरवल्यास, कोणता गृहपाठ राहिला, कोणता यायचा आहे आणि वर्गात काय झाले याचा गोषवारा पालकांना रोज किंवा आठवड्याला ई-मेलने जातो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी क्रमिक पुस्तकात क्यूआर कोड घालून धडे आणि गृहपाठ फोनपर्यंत पोचवले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्याच्या दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या ९ शिक्षकांत वाटली. खेड्यातल्या घरात असतो तो फोन बहुधा वडिलांचा. तो संध्याकाळी मुलाच्या हाती येतो, तेव्हा धड्याशेजारी घरातले एखादे मोठे माणूस सहज येऊन बसते.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी तर आवाज हेच खरे पत्र. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. मुले मागे आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. फडातल्या आईला ‘गुणवत्ता श्रेणी ब-२’ हे अक्षर काय सांगणार? पण मुलीने स्वतः वाचलेला कवितेचा तुकडा तिला रात्री कोपीत ऐकता येतो, पुन्हा पुन्हा ऐकता येतो. ज्या घरी फोनच नाही तिथे मात्र वही घेऊन शिक्षकाने जायला हवे. गृहभेटीला पर्याय नाही.

या अंगणाला कुंपणही हवे. सगळे दिसते म्हटल्यावर पाळत ठेवण्याचा मोह पालकांना होतो. गृहपाठ द्यायला दहा मिनिटे उशीर झाला, की मूल दाराशी पोचण्याआधी बोलणी तयार. अशा घरातले मूल लवकरच फक्त बरोबर आलेली पाने दाखवायला शिकते, आणि संवादाचे मूळच तुटते. एकाचे गुण, एकाची चूक, एकाचा रडका फोटो साऱ्या ग्रुपवर जाणे हे तर निखालस अन्याय्य आहे. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले. माझ्या मते त्यात मुलाच्या संमतीचीही भर घरोघरी घालावी. शिक्षकालाही घर असते, हेही लक्षात असू द्यावे. रात्री साडेदहाला ‘बाई, उद्या चित्रकलेची वही आणायची का?’ असे विचारणाऱ्याला तातडी वाटत असेल. पण संध्याकाळी एका ठरावीक वेळेनंतर निरोप नाही, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळला तरच हे नाते वर्षभर टिकते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःचे आणि सवंगड्यांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापनही त्यात यावे, असे ते सांगते. म्हणजे व्हरांड्यातल्या मुलाला आत बोलावण्याची सोय कागदावर झाली आहे. खुर्ची मात्र आपल्याला ठेवायची आहे. आज रविवार आहे, दप्तर घरात आहे. ‘किती मिळाले?’ हा प्रश्न एक दिवस बाजूला ठेवून मुलाला आपल्या मनाने एक पान निवडू द्या आणि ते त्याच्याच तोंडून समजून घ्या. मध्ये बोलू नका. मग जे कळले ते दोन ओळींत त्याच्या बाईंना कळवा, आणि पाठवण्याआधी ते मुलाला वाचून दाखवा.