गव्हावाचूनचे घर

महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबात दोन-तीन पिढ्यांपूर्वी गहू हे सणासुदीचे आणि पाहुण्यारावळ्यांचे धान्य मानले जाई; रोजच्या ताटात देशावर ज्वारी-बाजरीची भाकरी आणि कोकणात तांदूळ व नाचणी, हाच सर्वमान्य दस्तुर होता. पुढे पाटबंधारे वाढले, शिधापत्रिकेवर गहू मिळू लागला, शहरातील धावपळीच्या संसारात डब्यात घालावयास पोळी अधिक सोयीची ठरली, आणि पाहता पाहता हे धान्य साऱ्या स्वयंपाकघराचे मालक होऊन बसले. न्याहारीला रव्याचा उपमा, डब्यात पोळीभाजी, मधल्या वेळी बिस्कीट, रविवारी पाव आणि वाढदिवसाला केक अशी ज्या मुलाची दिनचर्या आहे, ते मूल सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच धान्याची निरनिराळी रूपे सेवन करीत असते. बहुसंख्य मुलांना त्यापासून काडीचाही अपाय होत नाही, उलट उत्तम पोषण मिळते. परंतु काही थोड्या मुलांच्या शरीरास हे धान्य मुळीच मानवत नाही, आणि अशा मुलांपैकी एकीची मी आई आहे.

माझ्या कन्येचे चौथे वर्ष सरत आले तेव्हा ती तिच्या वयाच्या मुलींहून चांगलीच ठेंगणी दिसू लागली होती. हातपाय काटकुळे, पोट मात्र तट्ट फुगलेले, शौचास वारंवार होणारे, लोहाचे औषध महिनोन्‌महिने देऊनही हिमोग्लोबिन वर चढण्याचे नाव नाही, आणि मुळात हसऱ्या असलेल्या मुलीच्या स्वभावात एक प्रकारची चिरचिर शिरलेली, अशी तिची अवस्था होती. कोणी जंतांचे औषध सुचविले, कोणी दृष्ट काढली, कोणी ‘अंगकाठीच तशी आहे’ म्हणून आमचे समाधान केले. अखेर आमच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्ताची एक विशेष तपासणी करविली, पोटविकारतज्ज्ञांनी दुर्बिणीच्या साहाय्याने लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तो पाहिला, आणि ‘सीलिॲक’ या व्याधीचे निश्चित निदान झाले.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण ‘अमुक पदार्थ मुलाला सोसत नाही’ या एकाच वाक्याखाली आपण तीन भिन्न गोष्टी एकत्र कोंबतो. पहिली अ‍ॅलर्जी : शेंगदाणा, अंडे, दूध अशा पदार्थातील प्रथिनास शरीराची संरक्षणव्यवस्था शत्रू समजते, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतते, आणि हे सारे बहुधा काही मिनिटांत घडते. दुसरी असहिष्णुता : तिचा प्रश्न पचनाचा असतो. दुधातील लॅक्टोज नावाची शर्करा पचविणारे पाचकद्रव्य कमी पडले की पोट गुबारते, कळा येतात, जुलाब होतात. पण त्रास प्रमाणावर अवलंबून असतो, म्हणून पेलाभर दूध न सोसणाऱ्या मुलाला वाटीभर दही पुष्कळदा सुखाने पचते. तिसरा प्रकार सीलिॲकचा : गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला चढविते. लहान आतड्याचे अस्तर निरोगी माणसात मखमलीच्या लवीप्रमाणे असंख्य सूक्ष्म अंकुरांनी भरलेले असते आणि अन्नरस शोषून घेण्याचे काम हे अंकुर करतात. ते झिजून सपाट झाले की समोर पंचपक्वान्नांचे ताट असूनही मूल आतून उपाशी राहते. याच झिजेमुळे अशा मुलांना काही काळ दूधही सोसत नाही. मात्र ग्लुटेन वर्ज्य केल्यावर अंकुर पुन्हा वाढतात आणि दूध पचविण्याची शक्तीही बहुधा परत येते. आमच्या घरी हा अनुभव आला.

या व्याधीचा इतिहास प्रत्येक पालकाने वाचण्याजोगा आहे. लंडनचे वैद्य सॅम्युअल गी यांनी १८८८ साली तिचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले आणि तिच्यावर उपाय असलाच तर तो आहारात सापडेल, असे अनुमानही मांडले. पण दोष कोणत्या अन्नाचा, हे त्यांना उमगले नाही. पुढे अमेरिकेतील सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांचा आहार सुचविला, आणि त्याने अनेक बालके सुधारली. श्रेय मात्र केळ्याला मिळाले, वास्तविक गुण आला होता तो ताटातून पाव गेल्यामुळे. हे कोडे हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सोडविले. १९३० नंतरच्या दशकात हेग येथील त्यांच्या रुग्णालयात एका तरुण मातेने सांगितले, की पाव बंद केला म्हणजे आपल्या आजारी मुलाच्या अंगावरील पुरळ झपाट्याने कमी होते. डिके यांनी ही गोष्ट ‘आईचे बोलणे’ म्हणून कानांआड टाकली नाही. त्यांनी तिचा पाठपुरावा केला. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव दुर्मीळ झाला, आणि सारा देश उपासमारीने खंगत असता सीलिॲकची बालके मात्र सुधारली. पाव पुन्हा मिळू लागताच ती परत आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष सप्रमाण मांडला आणि त्यानंतर दोनच वर्षांत इंग्लंडमधील संशोधकांनी तो ग्लुटेनपर्यंत नेऊन भिडविला. एका मातेचे निरीक्षण आणि एका वैद्याची चिकाटी यांच्या संयोगातून हे ज्ञान जन्मास आले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

परंतु मातेच्या निरीक्षणाला वैद्याच्या परीक्षेची जोड हवीच. मुलाचे पोट दुखते म्हणून शेजारणीच्या सल्ल्याने आज गहू, उद्या दूध, परवा डाळ बंद करीत जाणाऱ्या घरात मुलाच्या वाढीस आवश्यक असलेली पोषकद्रव्येच हद्दपार होतात, आणि मूळ रोग तसाच राहतो. शिवाय सीलिॲकच्या तपासणीचा एक महत्त्वाचा नियम आहे : रक्तातील ‘टीटीजी’ची परीक्षा आणि आतड्याची तपासणी होईपर्यंत गहू बंद करता कामा नये, कारण गहू थांबला की रोगाच्या खुणा मावळू लागतात आणि निदान चुकते. ही व्याधी आनुवंशिकतेशी निगडित असल्याने रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची व आईवडिलांची तपासणीही करून घ्यावी. उत्तर भारतात केलेल्या पाहणीत सुमारे शंभरात एक असे तिचे प्रमाण आढळले आहे. म्हणजे ती आपल्याकडे दुर्मीळ आहे, हा समज सोडून द्यावयास हवा.

निदान झाल्यावर खरी तहकीकात स्वयंपाकघरात सुरू होते. पोळी, पुरी, रवा, शेवया, लापशी, मैदा, पाव ही उघड नावे कोणालाही सांगता येतील. पण ग्लुटेन पुष्कळदा वेषांतर करून येते. आमच्या मिसळणाच्या डब्याशेजारची हिंगाची डबी पाहा. खड्याचा अस्सल हिंग म्हणजे एका वनस्पतीच्या मुळांतून पाझरणारा चीक, आणि तो निर्दोष आहे. पण बाजारातील बांधानी हिंगात त्या चिकाबरोबर डिंक आणि पीठ मिसळलेले असते, व ते पीठ कित्येकदा गव्हाचे असते. म्हणजे वरण-भातासारख्या निरुपद्रवी जेवणातही चिमूटभर गहू फोडणीच्या वाटेने शिरतो. माल्ट घातलेल्या दुधाच्या भुकटीत जव असतात, सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. गिरणीची कथा तशीच. गहू दळून झाल्यावर त्याच जात्यात आपली ज्वारी टाकली, की दगडांत अडकलेले गव्हाचे पीठ ज्वारीत उतरते. चार गृहिणी ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ म्हणून गिरणीवाल्याला बजावतात, तेवढ्याने आमची खातरजमा होण्यासारखी नव्हती, म्हणून आम्ही घरघंटी घेतली. चाळणी, पोळपाट आणि लाटणेही वेगळे झाले. ‘इतके कशाला, कणभराने काय होते?’ असे विचारणाऱ्या आप्तांना मी आता आकडाच सांगते : पावाच्या एका कापात सुमारे दोन ग्रॅम ग्लुटेन असते, आणि रोज त्याचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अवघे ५० मिलिग्रॅम, पोटात जात राहिले तरी आतड्यास इजा होऊ शकते. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणविणाऱ्या जिनसांवर किलोमागे २० मिलिग्रॅमची जी मर्यादा घातली आहे, तिचे कारण हेच.

यानंतर आमच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो वैद्यकाचा नव्हता, कुटुंबधर्माचा होता. पाच माणसांच्या पंगतीत चौघांना पोळी आणि एकीला भाकरी वाढावी, की सर्वांचे ताट एक करावे? सासूबाईंनी निर्णय देण्यास विलंब लावला नाही. ‘लेकराला वाळीत टाकल्यासारखं वेगळं वाढायचं नाही, आपण सगळेच भाकरी खाऊ,’ असे त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून परात त्यांनी स्वतःकडे घेतली. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून तिचे पीठ पोळीसारखे ताणले जात नाही. आधणाचे कढत पाणी घालून, तळहाताच्या टाचेने रगडून ते एकजीव करावे लागते. पीठ शिळे होऊन त्याची विरी गेली असेल, तर कितीही मळा, थापताना कडा चिरतातच. हे सारे त्यांनी मला शेजारी बसवून शिकविले. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाणी लावून ती उलटायची आणि मग विस्तवावर टम्म फुगवायची, हा क्रम आता माझ्या मुलीलाही पाठ आहे.

या एका निर्णयाने साऱ्या घराचे खाणे सुधारले. आठवड्यातून काही दिवस ज्वारी, थंडीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, न्याहारीला नाचणीचे सत्त्व, तांदळाचे घावन किंवा मुगाची धिरडी, अशी धान्यांची पाळी लागली. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शिअम असते, म्हणून वाढत्या हाडांना तिचा मोठा आधार. बाजरीत लोह बरे असते, आणि तिच्यासोबतच्या पालेभाजीवर लिंबू पिळले म्हणजे त्या लोहाचे शोषण अधिक चांगले होते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. पण आमच्या दृष्टीने या धान्यांचा खरा सन्मान, ती मुलांच्या पानात रोज पडावीत, यात आहे. बाजारातील ‘ग्लुटेनमुक्त’ बिस्किटे व केक यांच्या नादी मात्र आम्ही फारसे लागलो नाही. त्यांत पुष्कळदा निव्वळ पिष्ट, साखर आणि चरबी यांचा भरणा असतो, तंतू कमी असतात, आणि किंमत अवाच्या सवा. गहू नाही एवढ्यावरून एखादा पदार्थ पथ्याचा ठरला तरी पोषक ठरत नाही.

मुलांचे जग मात्र घराच्या उंबरठ्यापाशी संपत नाही. शाळेत डब्यांची देवघेव होते, सत्यनारायणाच्या प्रसादाला रव्याचा शिरा असतो, होळीला पुरणपोळी. वर्गशिक्षिकेला आम्ही डॉक्टरांच्या दाखल्यासह पत्र दिले. प्रसादाचे पान कपाळाला लावून नम्रपणे परत करावे, त्यात देवाचा अवमान नाही, हे मुलीला समजाविले. आणि नकार द्यावयाचा तो रडवेल्या आवाजात नव्हे, ‘मला गहू चालत नाही, काकू’ अशा सरळ शब्दांत द्यावयाचा, हेही शिकविले. आपल्या परंपरेची झोळी तशी उदार आहे. उकडीचे मोदक, अनारसे, तीळगूळ, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, वरई, राजगिरा, साबुदाणा यांत मुळातच गहू नाही. करंजी आणि शंकरपाळी वजा केली तरी दिवाळीच्या फराळाचे ताट भरलेलेच राहते. आज तिची उंची वाढली आहे, रक्त सुधारले आहे आणि, सर्वांत मोठी गोष्ट, तिला पथ्य ही शिक्षा वाटत नाही.

ज्यांना गहू उत्तम पचतो त्यांनी केवळ प्रचलित टूम म्हणून तो सोडावा, असे मी मुळीच म्हणत नाही. तो एक सकस धान्य आहे. माझी विनंती अगदी मोजक्या शब्दांची आहे. मुलाची वाढ खुंटली असेल, रक्त चढत नसेल, पोट वारंवार बिघडत असेल, तर कोणताही पदार्थ स्वतःच्या मनाने बंद न करता आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सीलिॲकची तपासणी करावी काय, हे स्पष्ट शब्दांत विचारा. आणि निदान झालेच, तर त्या मुलाला एकट्याला पथ्यावर बसवू नका. साऱ्या घराने त्याच्याबरोबर तेच अन्न आनंदाने खावे.