पिंपळ, तांबट आणि नीलपंख

सेवाग्रामच्या आश्रमांत येणारा पाहुणा मातीच्या कुटी व कौलें पाहून परततो. गांधीजींनीं १९३६ सालीं लाविलेल्या पिंपळाकडे त्याची दृष्टि क्वचितच रेंगाळते. कस्तूरबांच्या हातची बकुळहि तेथेंच आहे.

ज्यास आपण पिंपळाचें फळ म्हणतों, तो वस्तुतः चोहों बाजूंनीं मिटलेला फुलोरा होय. आंतील फुलांना ना वारा लागत, ना मधमाशी भेटत. गांधीलमाशीच्या कुळांतील, परंतु चिलटाहूनहि लहान असा एक कीटक फळाच्या टोकाच्या छिद्रांतून आंत शिरतो, अंडीं घालतो व तेथेंच मरतो. त्याची पुढील पिढी अंगावर पराग घेऊन बाहेर पडते, तेव्हां तिचें आयुष्य अवघें एकदोन दिवसांचें असतें. तेवढ्यांत योग्य अवस्थेंतील फळें धरलेला दुसरा पिंपळ तिला गांठावा लागतो. रस्ता रुंद करतांना ‘एकच तर झाड’ म्हणून जें पाडलें जातें, त्याचा हिशेब असा दूरवर पोहोंचतो!

फळें पिकलीं कीं तांबट, कोकिळ, बुलबुल, साळुंक्या व हरियाल यांची झुंबड उडते. त्यांच्या विष्ठेंतून बीं भिंतीच्या भेगेंत पडतें आणि घरमालक पिंपळास दोष देतो. बिचाऱ्या पिंपळाला भिंत व कातळ यांतील भेद कसा कळावा?

तांबट आपलें घर वाळक्या फांदींत स्वतः कोरतो. नीलपंखाजवळ तें कसब नाहीं; त्याला जुन्या झाडाची किंवा वठलेल्या ताडाची आयती ढोली लागते. बहार नेचर फाउंडेशन या संस्थेनें २०१८ सालीं घेतलेल्या निवडणुकींत वर्धेकरांनीं याच पक्ष्यास शहरपक्षी म्हणून निवडलें. मान मोठा खरा. परंतु सार्वजनिक बागांत वठलेलें खोड दिसलें कीं तें शोभेस बाधक म्हणून तोडतात, आणि पाचोळा जाळतात. खोडाबरोबर नीलपंखाचें घर जातें. पाचोळ्याबरोबर त्याचें अन्न, म्हणजे भुंगेरे व इतर किडे.

वर्ध्याच्या हनुमान टेकडीवर नागरिकांनीं श्रमदानानें झाडें वाढविलीं आहेत. तीं अद्याप तरुण आहेत. ढोली पडण्यास त्यांना कित्येक दशकें लागतील. तोंवर नीलपंखाची सारी भिस्त वस्तींतल्या जुन्या झाडांवर आणि तोडावयाच्या राहून गेलेल्या वठलेल्या खोडांवर आहे.