गाडी ठोकते, पण कधी आणि कुठून?



गटाची मालवाहू गाडी असो की घरची जुनी चारचाकी, एक तक्रार नेहमी ऐकू येते. ‘उभी असताना गाडी बरी असते, पण रेस दिली की ठक-ठक वाजते.’ गॅरेजमध्ये नेली की सांगतात, ‘इंजिनचं काम निघालं.’ ते खरंही असू शकतं. पण कधी कधी नुसता सायलेन्सरवरचा पत्रा सैल झालेला असतो. पहिल्या कामाला गटाची वर्षभराची बचत जाईल, दुसऱ्याला एक पाना पुरेल. म्हणून गॅरेजला जाण्याआधी दोन गोष्टी आपण पाहून ठेवायच्या: आवाज कधी येतो आणि कुठून येतो.

आधी ऑइल बघा. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. ऑइलची पट्टी काढून पुसा, परत पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर ऑइल भरल्याशिवाय गाडी सुरू करू नका. कूलंट मात्र इंजिन थंड झाल्यावरच तपासा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

आता उभ्या गाडीची परीक्षा. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा. एकीने आत बसून हळूहळू रेस द्यायची, दुसरीने बाजूला उभं राहून ऐकायचं. गाडीच्या समोर कुणीही उभं राहू नये. बॉनेट उघडलं असेल तर पदर, ओढणी, वेणी घट्ट खोचून घ्या. पंखा आणि पट्टा कापड क्षणात ओढून घेतात. काही गाड्यांचा पंखा तर इंजिन बंद झाल्यावरही आपोआप फिरू लागतो.

उभ्या गाडीत रेस दिल्यावर खोल, जड ठोका येत असेल आणि रेसबरोबर त्याचा वेग वाढत असेल, तर इंजिनच्या आतलं बेअरिंग झिजल्याची शंका घ्यावी. ऑइलचा लाल दिवाही लागला, तर तिथेच इंजिन बंद करा. ‘गॅरेजपर्यंत तर जाऊ’ म्हणू नका. त्या चार किलोमीटरमध्ये आतला रॉड तुटून इंजिनला भोक पडू शकतं. गाडी टोचन करून न्या. टोचनचं भाडं नव्या इंजिनपेक्षा स्वस्तच पडतं.

उभ्या गाडीत आवाज नाही, पण भरलेली गाडी चढावर नेताना डब्यात खडे हलवल्यासारखी बारीक खडखड येते, असं असेल तर पेट्रोल इंजिनमध्ये पेट चुकीचा होतो आहे. पऱ्हाटीच्या ढिगाला एका टोकाला काडी लावली की जाळ सरकत जातो. तेवढ्यात दुसऱ्या टोकालाही आपोआप भडका उडाला, तर दोन जाळ एकमेकांना भिडतात. सिलिंडरमध्ये असंच घडतं. प्लगच्या ठिणगीचा जाळ पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल उष्णतेने आणि दाबाने पेटतं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला दीड हजार वेळा पेट होतो. हा मार रोज बसला तर पिस्टन खराब होतो.

याचा पहिला उपाय फुकट आहे: चढावर गिअर खाली घ्या. पुसदकडच्या डोंगररस्त्यावर भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये रेटू नका. दुसरा उपाय, इंजिन तापू देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, तेव्हा कूलंट कमी असून चालत नाही. तिसरा, पेट्रोल पाहा. रॉकेलची भेसळ असेल तर खडखड वाढते. पंपावर फिल्टर पेपर मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यावर एक थेंब टाका. पेट्रोल उडून गेल्यावर डाग राहिला, तर भेसळीचा संशय घ्या.

ही खडखड थांबवायला एके काळी पेट्रोलमध्ये शिसं मिसळत. अमेरिकेत १९२१ साली ही युक्ती सापडली. पण धुरातून हवेत जाणारं शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरलं. भारतात शिसं घातलेल्या पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, त्यानेही खडखड कमी होते.

डिझेल गाडी थोडी खडखडतेच, थंड असताना जास्त. पण आवाज अचानक वाढला आणि काळा धूर येऊ लागला, तर इंजेक्टर तपासून घ्या.

गाडी निघताना किंवा गिअर बदलताना एकच ‘धप्प’ वाजत असेल, तर इंजिनचं माउंटिंग किंवा मागच्या शाफ्टचा क्रॉस बघायला सांगा. वळणावर रेस देताना ‘टक-टक’ येत असेल, तर पुढच्या एक्सलचा जॉइंट. पत्रा थरथरल्यासारखा आवाज असेल, तर सायलेन्सरचे नट. यातल्या कशासाठीही इंजिन खोलावं लागत नाही.

गॅरेजला जाताना हे सगळं वहीत लिहून न्या: थंड की गरम, रिकामी की भरलेली, उभी की चालती, कोणता गिअर. मिस्त्रीला शेजारी बसवून तोच आवाज ऐकवा. खर्चाचा अंदाज कागदावर घ्या आणि बदललेले जुने भाग परत मागा. गटाच्या बैठकीत हिशोब मांडताना तो कागद आणि ते भाग कामी येतात.

या आठवड्यात प्रत्येकीने एकदा तरी ऑइलची पट्टी स्वतःच्या हाताने काढून पाहावी. हात काळे होतील, होऊ द्या.