अक्षरांची पेढी, बियाण्यांची कणगी

तांदळाचा जनुकसंच म्हणजे चारच अक्षरे वापरून लिहिलेला सुमारे ३९ कोटी अक्षरांचा मजकूर. जपानच्या 'निप्पोनबारे' वाणाचा हा मजकूर दहा देशांतील शास्त्रज्ञांनी वाचून २००५ साली प्रसिद्ध केला. अकराव्या गुणसूत्राच्या वाचनात भारताचा वाटा होता. आज तो कोणालाही विनामूल्य पाहता येतो. मात्र अशी नोंद एकदा करून भागत नाही. जपानी आणि अमेरिकी गट आपापल्या आवृत्त्या सांभाळत होते. २०१३ मध्ये दोघांनी मिळून, चुका दुरुस्त करून, एकच सुधारित आवृत्ती दिली.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांची बियाणे बँक हीच राखण प्रत्यक्ष दाण्यांची करते. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. इथून नेलेले बियाणे हंगामानंतर दुपटीने परत करायचे, असा रिवाज आहे. त्यामागे शास्त्र आहे. साठवलेल्या दाण्याची उगवणशक्ती वर्षागणिक घटते. वाण टिकवायचे तर ते पुन्हा पुन्हा पेरावे लागते. उभ्या पिकातली भेसळ उपटून काढावी लागते, तीही दुरुस्तीच.

अक्षरांवरून वाणाची ओळख पटते, सुगंधाचे जनुक सापडते. त्यातून रोप मात्र उगवत नाही. काळभातासारखे वाण अकोल्याच्या शेतांतून गेले, तर नोंद असली तरी ताटात भात नसेल. म्हणून अशा पेढ्यांचा खर्च मांडताना दरसाल पेरणाऱ्या बाईची मजुरीही त्यात धरायला हवी.