भोवरा, धावपटू आणि अणुगर्भ

कललेला भोवरा जसा न पडता आपला अक्ष शंकूच्या पृष्ठावरून संथपणे फिरवीत राहतो, तसेच चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या हायड्रोजनच्या अणुगर्भांचे सामुदायिक चुंबकत्व त्या क्षेत्राभोवती फिरत असते, हे फेलिक्स ब्लॉख यांनी १९४६ साली समीकरणांत मांडले. १ टेस्लाच्या क्षेत्रात हे फिरणे सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख फेऱ्यांचे असते. नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओलहर ठराविक मुदतीपुरती सोडली की त्या चुंबकत्वाचा अक्ष पाव वर्तुळ वळतो, आणि मुदत दुप्पट केली की अर्धे वर्तुळ. पुंजस्थितीवर हुकमत चालविण्याची ही मूळ तजवीज होय.

परंतु चुंबकाचे क्षेत्र सर्वत्र सारखे नसते, त्यामुळे काही अणुगर्भ पुढे जातात, काही रेंगाळतात, आणि त्यांच्या एकत्रित फिरण्यातून मिळणारा संकेत पाहता पाहता विरून जातो. १९५० साली इलिनॉय विद्यापीठात एर्विन हान यांनी दोन स्पंद, म्हणजे रेडिओलहरींचे अल्पकालीन झोत, सोडले असता, त्या दोहोंत जेवढे अंतर होते तेवढाच काळ लोटल्यावर, कोणीही न सोडलेला तिसरा संकेत, म्हणजेच प्रतिध्वनी, आपोआप उमटला. याचा उलगडा १९५३ साली एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर धावपटूंच्या चित्राने करण्यात आला. शर्यतीत पांगलेल्या धावपटूंना एका इशाऱ्यासरशी (येथे दुसऱ्या स्पंदाने) मागे फिरविले, तर सर्वांत वेगवान तोच सर्वांत दूर गेलेला असल्यामुळे सगळे एकाच क्षणी आरंभरेषेवर परततात. या विषयात याहून सुंदर कल्पना माझ्या पाहण्यात नाही. कारण जे नष्ट झाले असे वाटत होते ते केवळ विखुरलेले होते, हे ती डोळ्यांना दाखविते. मात्र वाटेत ज्यांचा वेग यदृच्छेने बदलला ते वेळेवर परतत नाहीत, आणि म्हणूनच प्रतिध्वनी हळूहळू क्षीण होत जातो.

कोणतीही दोन पातळ्यांची पुंजव्यवस्था अशाच भोवऱ्याच्या रूपाने मांडता येते, हे १९५७ साली फाइनमन, व्हर्नन आणि हेलवर्थ यांनी दाखविले. आणि १९९८ साली व्हायोला व लॉइड यांनी स्पंदांची मालिका लावून क्यूबिटला, म्हणजे पुंजसंगणकातील अशा दोन पातळ्यांच्या व्यवस्थेला, परिसराच्या उपद्रवापासून राखण्याची जी पद्धत सुचविली, तिचे मूळ हान यांच्या प्रतिध्वनीतच आहे.

तथापि दोन भोवऱ्यांच्या दिशा सांगावयास ४ कोन पुरतात, तर दोन क्यूबिटांच्या शुद्ध स्थितीस ६ संख्या लागतात; दहा क्यूबिटांना २० कोनांऐवजी २०४६. सबब भोवऱ्याचे चित्र एका क्यूबिटपुरते निःशंकपणे वापरावे. गुंतलेल्या, म्हणजे ज्यांची स्थिती एकेकटी सांगता येत नाही अशा, क्यूबिटांच्या बाबतीत ते अपुरे आहे.